ओट्यावरचे सात जण

नाही, तुम्हीच सांगा, पाहुण्याने किती दिवस राहावं? तीन? बरं, जावई असला तर आठ धरा... माझ्या ओट्यावर सात जण चार वर्षं होते! आणि उभे, हां! बसा म्हणायची सोय नाही, चहा विचारायची सोय नाही, माझ्या छातीएवढे उंच, अंगाने गोल, रंगाने गुलाबी, आणि एकेकाच्या पोटावर काळ्या अक्षरांत लिहिलेलं... कैलासवासी अमके यांच्या स्मरणार्थ, कैलासवासी तमके यांच्या स्मरणार्थ. अहो, सिलिंडर! ऑक्सिजनचे! स्वयंपाकघरातला तो लाल बुटका नव्हे, दवाखान्यातला लांबडा, हलवायला दोन माणसं लागतात. आणि सातच्या सात भरलेले! चार वर्षांत एकाचंही तोंड कोणी उघडलेलं नाही. नको सगळ्यांनाच, म्हणून न्यायला कोणी तयार नाही. सकाळी दात घासायला बाहेर आलो की सात कैलासवासी रांगेत उभे, आणि आठवा मी, हातात तांब्या घेऊन.

तुम्ही म्हणाल, मग ठेवून कशाला घेतले? तेच तर सांगतोय ना! सगळा घोळ एका शब्दाचा आहे.

एकवीस सालचा मे महिना. आमची कमलबाई गेली... बायको हो माझी. दुपारी दोनला दम लागला तिला, याच ओट्यावर बसली, खांबाला टेकून. गाडी मिळायला दीड तास लागला. बोल कोणाला लावणार? त्या आठवड्यात गावातली प्रत्येक गाडी कोणाला ना कोणाला घेऊन धुळ्याच्या रस्त्यावर होती. आमची गाडी आली तेव्हा ती चढता चढता मला म्हणाली, ‘दूध झाकून ठेवा.’ बस. अठ्ठावीस वर्षांचा संसार आणि शेवटचं बोलणं दुधाबद्दल! दवाखान्याच्या दारापर्यंत पोचली, आत नाही पोचली. आणि तुम्हाला सांगतो, तिथून पुढे मला काही लागेचना. रडू नाही, राग नाही, भूक नाही. लोक म्हणायचे, पुनाभाऊ घट्ट माणूस आहे. घट्ट कसला? दाढेत डॉक्टरने सुई मारल्यावर गाल कसा होतो, तसा मी सगळाच झालो होतो. लोक यायचे, तोंडाला फडकं बांधून लांबूनच बोलायचे. कोणी डबा आणला, ‘भाऊ, कुठे ठेवू?’ मी म्हटलं, ठेवा. कोणी तिच्या फोटोची फ्रेम आणली. मी म्हटलं, ठेवा. तिचा चष्मा आणि बांगड्या पिशवीत घालून कोणीतरी आणून दिल्या... ठेवा. आणि दिवसकार्य संपून गंधमुक्ती झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दारात टेम्पो उभा राहिला.

टेम्पोतून उतरला योगेंद्र. आमच्या गावच्या मित्रमंडळाचा अध्यक्ष. पोरगं चांगलं, फक्त घाई फार. गावातून वर्गणी काढून धुळ्याहून सात सिलिंडर घेऊन आला होता. म्हणाला, ‘आबा, तुमना ओटा मोठा शे, आठेच ठेवूत का?’ म्हणजे इथेच.

मी म्हटलं, ठेवा.

आता गंमत ऐका. सिलिंडर आले, पण त्यांना लावायचा मीटर नाही! उघडायची चावी नाही! नळ्या नाहीत! म्हणजे विहीर बांधून झाली आणि दोर-बादली दुसऱ्या गावाला. मीटर आणि चावी यायला सव्वा महिना लागला, तोवर गावात शिंकणारासुद्धा कोणी उरला नाही. ज्या बाईला पाहिजे होता तिला मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा जो तो धडधाकट... कोणाला लावता? बळजबरीने?

बरं, लावला नाही तर परत करावा की नाही? परत! आपल्याकडे दान दिलेली वस्तू परत जाते का कधी? आपल्याकडे दानावर नाव पडतं! देवळात पंखा दिला तर पंख्याच्या पात्यावर नाव. पंखा फिरतो तोवर वाचता येत नाही, लाईट गेली की दाता दिसतो. तर वर्गणी देणाऱ्या सहा घरांनी म्हटलं, आमच्या माणसांची नावं टाका. आणि सातव्यावर पोरांनी आपल्या मनाने कमलबाईचं टाकलं, काकू गेल्या म्हणून. आलं कोण लिहायला? आधार पेंटर. आधारने सिलिंडर पाहिले. काळे कुळकुळीत, फक्त वरची मान पांढरी. म्हणाला, ‘काळावर काळं अक्षर कसं दिसी, भाऊ? आंगणवाडीना गुलाबी रंग उरेल शे. बठ्ठा एकच रंगमा करी टाकू?’

मी म्हटलं, टाका.

आणि त्याने मन लावून टाकला हो! दोन-दोन हात मारले! माने‍वरचे खोदलेले नंबरसुद्धा बुजवले, म्हणाला, फिनिशिंग पाहिजे. योगेंद्र पुढच्या महिन्यात सुरतेला कामाला लागला. धुळ्याच्या गॅसवाल्या शेठची पावती त्याच्याच पाकिटात. त्या पावतीवर काय लिहिलं होतं? ‘वापर झाल्यावर परत करणे.’ दान नव्हतंच ते! वर्गणी गेली होती भाड्यात! दुसऱ्याच्या मालावर आम्ही आमचे पूर्वज रंगवून बसलो होतो. पण हे कळलं कधी? चार वर्षांनी.

तोवर हे सात जण गावाचे झाले. कोणी त्यांना म्हैस बांधलं... म्हणजे त्यांना म्हैस बांधली. कोणी त्यांच्यावर गोधडी वाळत घातली. माझ्या मयुरीचं लग्न जमलं, मुलगा यावलचा, केळीवाला, तर सजावटवाल्याने सातही जणांना पांढरं कापड गुंडाळून वर झेंडूच्या माळा सोडल्या. माझ्या विहीणबाई, कुंदाबाई, आल्या आणि म्हणाल्या, ‘व्याही, खांब फार छान आहेत हो तुमच्याकडे.’ मी म्हटलं, आहेत.

ते खांब कोण आहेत हे कुंदाबाईंना कळलं यंदाच्या आखाजीला, अक्षय्यतृतीयेला.

आखाजीला लेक माहेरी येते, हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे? मयुरी आली, पाचवा महिना चालू, म्हणून सासू स्वतः सोडायला आली, यावलहून दोन गाड्या बदलून. उन्हाचा तडाखा, घामाने निथळत बाई ओट्याची पायरी चढतात, आणि समोर काय? शेजारच्या नर्मदाबाई! तीन नंबरच्या सिलिंडरपुढे पाट मांडलेला, पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर खरबूज, आणि गोवरीच्या निखाऱ्यावर आगारी टाकलेली, पितरांचा घास... पुरणपोळी, सांजोरी, वरून तुपाची धार... धूर! कारण तीन नंबरवर नाव कोणाचं? कैलासवासी जीवराम, नर्मदाबाईंचे मालक. म्हातारीचं सरळ होतं. म्हणे, घरातल्या फोटोवर नाव नाही, इथे नाव आहे, तर आगारी इथेच टाकायची. आणि पहिल्यांदा नव्हे, चौथं वर्ष! मला? मला माहीत होतं की. पहिल्या वर्षी विचारलं होतं तिने, ‘पुनाभाऊ, घागर ठेवू का?’ मी काय म्हटलं असेल ते आता तुम्हीच सांगा.

कुंदाबाईंनी एकेक नाव वाचलं. सातही वाचली. सातव्यापाशी जरा थांबल्या. मग आत जाऊन पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, ‘व्याही, राग मानू नका. पहिलं बाळंतपण माहेरचं, मान्य. तुमची बहीण येऊन करणार, तेही मान्य. पण दारात सात मयत उभे आणि त्यांच्यासमोर निखारे, अशा घरात मी सून पाठवणार नाही. सातव्या महिन्यात ओटभरणाला येईन. तोवर ओटा मोकळा दिसला तर पोरगी इथे, नाही तर यावललाच.’

मला वाटलं, मला काही वाटणार नाही. खरंच वाटलं नाही. पण मयुरी आत स्वयंपाकघरात आली, आईच्या डब्यांवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, ‘आबा, मला आपल्याच घरी यायचंय.’ आता या पोरीची आई गेली तेव्हा मी हिला जवळसुद्धा घेतलं नव्हतं... मी दुधावर झाकण ठेवत होतो. म्हटलं, काढतो. चार वर्षांत पहिल्यांदा ‘ठेवा’च्या उलटा शब्द निघाला तोंडातून!

काढतो म्हणणं सोपं! ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, ‘आमच्या नोंदीत सिलिंडर नाहीत, मग आम्ही ते हलवणार कसे? आधी ते आमचे आहेत असा ठराव करावा लागेल.’ म्हटलं, करा. म्हणाले, ‘आमचे नाहीत ना पण!’ दवाखान्यात विचारलं, त्यांनी फोटो पाहिला आणि गुलाबी रंग पाहून फोन असा लांब धरला, जसा काही फोनच फुटणार आहे. भंगारवाला आला, पहिल्यावर बोटाने टकटक केलं, कान लावला, ‘भरलेला आहे?’ विचारलं, आणि हो म्हटल्यावर स्वतःचा तराजू माझ्या दारात विसरून गेला. तो तराजू अजून आहे. ठेवलाय.

शेवटी सुरतेला फोन लावून लावून योगेंद्रकडून पावतीचा फोटो मागवला, आणि गेलो धुळ्याला, देवपूरच्या पुढे त्या गॅसवाल्या शेठकडे. माणूस भला. पावती पाहून उठून उभा राहिला. ‘अहो, कुठे होतात? चार वर्षं शोधतोय मी या सात नगांना! भाड्याचं राहू द्या, माल तर द्या!’ मला तर त्याला मिठी मारावीशी वाटली. मग मी फोटो दाखवला. तो खाली बसला. म्हणाला, ‘हे आमचे नाहीत.’

‘अहो, तुमचेच!’

‘आमचे काळे असतात, मान पांढरी. हे गुलाबी काय आहे? कुल्फी आहे का?’

आणि मग त्याने जे सांगितलं ना, त्याने माझ्या पायाखालची फरशी गेली. म्हणाला, रंग ही शोभा नसते, भाऊ. कामगार वाचत बसत नाही, रंग बघून नळी लावतो. रंग चुकला तर एखाद्याच्या नाकात भलताच गॅस जाईल. गुलाबी रंग पूर्ण निघाल्याशिवाय आणि नंबर दिसल्याशिवाय मी गाडीत चढवणार नाही. मी माणूस पाठवतो, तो सांगेल तसं करा.

माणूस आला. धम्मपाल नाव, त्या प्लांटवर पंधरा वर्षं फिटर. शांत पोरगा, कमी बोलणारा. ओट्यावर चढला, आधी सगळ्यांना विड्या विझवायला लावल्या, मग एकेक तपासत तिसऱ्यापाशी आला आणि थबकला. वरची लोखंडी टोपी चिकट. बोट लावून वास घेतला. ‘आबा, हे काय आहे?’

नर्मदाबाई कौतुकाने पुढे. ‘तूप शे, भाऊ! मना घरवालाले तूप भलतं आवडे. दर आखाजीले तोंडले लावस.’

तुम्हाला सांगतो, त्या पोराचा चेहरा असा पांढरा पडला, सिलिंडरच्या मूळच्या मानेसारखा! म्हणाला, ‘आजी, तेल-तूप आणि हा ऑक्सिजन एकत्र आले की काडीसुद्धा लागत नाही. टोपी बसलेली होती म्हणून तुम्ही आहात, हा ओटा आहे, ही गल्ली आहे.’ नर्मदाबाईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘म्हणजे त्यास्नी आम्हले सांभाळं.’ धम्मपालने तो एक बाजूला काढला, म्हणाला, हा इथे कोणी उघडायचा नाही, हा प्लांटवरच जाईल. बाकीचे सहा लांब मोकळ्या खळ्यात नेऊन रिकामे करायचे, मग सातांचाही रंग खरवडायचा. मशीन नाही, थिनर नाही. हाताने.

खरवडायचा म्हटल्याबरोबर अख्खं गाव उभं! ‘आमच्या बापाचं नाव खरवडायचं? मेलेल्या माणसाचं नाव कोणी पुसतं का?’ कालपर्यंत त्यांनाच म्हैस बांधत होते हो! नर्मदाबाई तर तीन नंबरला पाठ लावून बसल्याच. ‘नाव खरडशात? मंग माले बी खरडा!’ दोन दिवस हेच चाललं. ओटभरण आलं आठवड्यावर. धम्मपाल परत आला, बघितलं, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, ‘आबा, सातवं नाव तुमच्या घरचं आहे ना? तुम्ही सुरुवात केलीत तर...’

केली.

आधी सातही खळ्यात नेले, तीन नंबरचा न उघडता लांब दुसऱ्या कडेला, नर्मदाबाई त्याच्या मागोमाग. लोक लांब उभे. धम्मपालने सातव्याची टोपी काढली, चावी लावली आणि अगदी थोडं फिरवलं. स्स्स्स... असा बारीक आवाज. बस, एवढंच. मी विचारलं, ‘किती वेळ चालेल?’ म्हणाला, ‘हळूच सोडायचा असतो. दीड तास.’

दीड तास.

मी तिथे बांधावर बसलो. त्या दिवशी दीड तास होता. तिला तेवढाच पाहिजे होता, याच्यातला, दीड तास. आणि तो आता बाभळीला मिळत होता, शेळ्यांना मिळत होता, बसल्या बसल्या माझ्या नाकात जात होता, मला न मागता. मला वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं. फक्त आवाज थांबला तेव्हा मी म्हटलं, ‘संपला का? बघ जरा अजून.’ धम्मपालने बघितलं. म्हणाला, ‘संपला, आबा.’

मग खरवडणी घेऊन बसलो. आधारचा रंग, काय सांगू, अंगणवाडीचा पक्का! ‘यांच्या स्मरणार्थ’ निघालं तासाभरात, ‘कैलासवासी’ निघालं, नावापाशी आलो आणि माझा हात चालेना. हात म्हणजे हात हो, मी नाही, मी चांगला होतो. हातच थांबला. धम्मपाल म्हणाला, ‘राहू द्या, मी करतो.’ म्हटलं, नको, अठ्ठावीस वर्षं तिने माझ्या बनियनवरचे डाग काढले, मी एवढं काढतो. आणि तिथे, भर खळ्यात, सगळ्या गावासमोर, चार वर्षांनी, मला आलं. चांगलं हुंदके देऊन आलं. एका सिलिंडरला धरून! नर्मदाबाई उठल्या, पदराने माझं नाक पुसलं आणि दुसरी खरवडणी उचलून जीवरामभाऊंच्या पोटावर बसवली. मग एकेक रिकामा होत गेला तसे बाकीचेही बसले.

ओटभरणाच्या आदल्या दिवशी गाडी सातही जणांना घेऊन गेली, काळे, मान पांढरी. मी ओटा धुतला. कुंदाबाईंनी मोकळा ओटा पाहिला, मयुरीला ठेवलं. श्रावण संपता संपता नात झाली. गोरी, नाकाने कमलबाई.

संपलं? तुम्हाला आमचं गाव अजून कळलं नाही!

बारशाच्या दिवशी सहा घरं वाजतगाजत आली. पुढे आधार पेंटर, मागे चौघांच्या खांद्यावर लोखंडी पाळणा. नवा कोरा. गुलाबी. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना... हो! सहाच्या सहा! कैलासवासी, कैलासवासी, कैलासवासी! नावं पुसली ना, मग कुठेतरी लिहायला नकोत? मी हळूच कुंदाबाईंकडे पाहिलं. म्हटलं, गेली पोरगी यावलला, आजच्या आज. बाई पाळण्याभोवती फिरल्या. एकेक नाव वाचलं. सहा झाली, परत पहिल्यापासून मोजली. आणि आधारवर ओरडल्या, ‘अहो पेंटर! माझ्या विहीणबाई कुठे आहेत? नात कोणाची आहे?’

आधारकडे डबा होताच. उशाच्या बाजूला जागा काढली, लिहिलं, वर फुंकर मारली. मग सगळे माझ्याकडे वळले. ‘पुनाभाऊ, पाळणा कुठे ठेवायचा? ओट्यावर जागा आहेच आता.’

मी म्हटलं, ठेवा.

दुसरं काय म्हणणार? आता रोज दुपारी मी ओट्यावर बसतो, दोरी हातात. एका पोरीला झोपवायचं म्हणून सात मेलेल्या माणसांना झोके देतो... आणि खरं सांगू का, त्यातली एक सोडली तर बाकीच्या सहांशी माझं जिवंतपणी बोलणंसुद्धा नव्हतं!